पाटल्या गहाण टाकून महाकालाच्या गल्लीत दुकान घ्यावं का?

पत्र:

नमस्कार. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं पूजासाहित्याचं लहानसं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. वाती, वस्त्रं, जानवी, अष्टगंध, कापूर, चौरंग, गौरीचे मुखवटे असा माल. वाती आणि वस्त्रं मी आणि सासूबाई घरीच करतो. खर्च जाऊन महिन्याला तीस हजारांच्या आसपास हाती राहतात, पण दरवर्षी थोडे कमीच. जुनी मराठी गिऱ्हाईकं लांबच्या कॉलन्यांत राहायला गेली, राजवाड्याला गाडी लावायला जागा नाही आणि त्यांची मुलं सगळं फोनवर मागवतात.

माझे दीर उज्जैनला असतात. त्यांनी महाकाल मंदिराजवळच्या गल्लीत एक दुकान पाहिलंय. नऊ लाख पगडी (दुकानाचा ताबा मिळवायला मालकाला एकरकमी द्यायची रक्कम), बावीस हजार भाडं, करार अकरा महिन्यांचा. मिस्टर म्हणतात, इथलं दुकान पंधरा हजारांनी भाड्याने देऊ आणि तिकडे जाऊ, २०२८ च्या सिंहस्थात पगडी एका महिन्यात वसूल होईल. पगडीसाठी माझ्या पाटल्या, तोडे आणि हार गहाण टाकायचा विचार चाललाय. सासूबाईंचा विरोध आहे. मिस्टरांचं एकच म्हणणं, महाकालाच्या दारात कोणी उपाशी राहत नाही. मी काय करू?

— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर:

ताई, सोनं कपाटातच राहू द्या. ते दुकान घेऊ नका, निदान या अटींवर तरी नको. पण उज्जैनचा नाद सोडा असंही मी म्हणणार नाही. तुमच्या मालाला तिथे गिऱ्हाईक आहे, फक्त ते त्या गल्लीतून जात नाही.

मिस्टरांच्या डोळ्यांसमोर जी गर्दी आहे ती खरी आहे. ‘महाकाल लोक’ हा मंदिराकडे नेणारा मूर्तींनी सजवलेला नवा परिसर ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला. राज्याच्या पर्यटन खात्याच्या हिशेबाने २०२४ साली उज्जैनला सात कोटींवर लोक येऊन गेले. एवढा आकडा कानावर पडला की दुकानदार माणूस लगेच मनात भागाकार करायला लागतो: यातल्या हजारातल्या एकाने जरी माझ्याकडे पन्नास रुपये टाकले... बँकेत कर्जाच्या टेबलावर बसायचो तेव्हा हा भागाकार बऱ्याच अर्जांना जोडलेला असायचा. गर्दीचं पुढे काय होतं, हे मात्र त्या कागदावर कोणी लिहीत नसे.

हा यात्रेकरू कसा फिरतो ते बघा. पुण्याहून किंवा सुरतेहून माणूस इंदूरला उतरतो. सकाळी टॅक्सी, पंचावन्न किलोमीटर उज्जैन. पार्किंग, मग महाकाल लोकचा नऊशे मीटरचा रस्ता, मूर्तींसमोर फोटो, मग रांग. घाई असेल तर अडीचशे रुपयांचं शीघ्रदर्शन. बाहेर आला की मंदिर समितीच्या काउंटरवरून लाडवांचं पाकीट, ई-रिक्षाने काळभैरव, कुठेतरी थाळी आणि रात्री परत इंदूरला, सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला. दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वर. दोन दिवसांत दोन ज्योतिर्लिंगं. त्याच्या खिशातून जे निघालं ते टॅक्सीवाल्याकडे, हॉटेलकडे, रिक्षाकडे, थाळीकडे आणि खुद्द देवस्थानाकडे गेलं. उरलेल्या पैशात तो काय घेतो? रुद्राक्षाची माळ, ‘जय महाकाल’ लिहिलेला गमछा, पोरासाठी डमरू. कपाळावर त्रिपुंड्राचा ठसा उठवणाऱ्या पोराला दहा-वीस रुपये.

यात तुमची फुलवात कुठे बसते?

पूजेच्या मालाची तर तिथे आणखी एक अडचण आहे, ती मिस्टरांच्या लक्षात आलेली दिसत नाही. लिंगाची झीज होते म्हणून सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि २०१७ पासून महाकालाच्या अभिषेकावर बंधनं आली: एका भाविकाला अर्धा लिटर शुद्ध केलेलं पाणी, पंचामृताचंही ठरलेलं माप. पुढे २०२३ च्या श्रावणापासून सामान्य भाविकाला गाभाऱ्यात प्रवेशच बंद झाला. देवाला स्वतःच्या हाताने काही वाहायचं नाही, लांबून हात जोडून पुढे सरकायचं, तर ताट कशाला घेईल कोणी? म्हणजे तुम्हाला ज्या मालातलं कळतं तो तिथे फारसा चालणार नाही आणि जो चालतो तो मथुरा-अलीगढ-मुरादाबादहून गाड्या भरून येतो. त्यात तुम्ही नवखे. तुमच्यासारखंच डमरू शेजारच्या दहा दुकानांत टांगलेलं असेल आणि भाव पाच रुपयांनी कमी असेल.

महाकाल लोकमुळे लोकांना काम मिळालंच नाही असं म्हणणं लबाडीचं होईल. ई-रिक्षावाले, घरातल्या दोन खोल्या यात्रेकरूंना देणारी कुटुंबं, चहा-पोह्याच्या गाड्या, टिळे लावणारी पोरं, यांच्या हातात पैसा आला. पण जरा बघा, यांच्यात पगडी भरून आलेलं जवळजवळ कोणी नाही. घर स्वतःचं, रिक्षा हप्त्याची पण चाकावरची. गर्दी डावीकडून उजवीकडे गेली की तेही उजवीकडे जातात. भिंतीतलं दुकान जात नाही. आत कुठून सोडायचं आणि बाहेर कुठून काढायचं हे प्रशासन ठरवतं, आणि सणावाराला ते बदलतं. नागपंचमीला मंदिरातल्याच नागचंद्रेश्वराचं दार वर्षातून एकदाच उघडतं, त्या दिवशीच्या रांगा तर वेगळ्याच वाटेने वळवतात. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड लागलं की तुम्ही दुकानात बसून नुसता गलका ऐकायचा.

आणि गर्दीचा फायदा सगळ्यात आधी खातं ते भाडं. इंदूरकरांना वेगळं उदाहरण नको. २०२२ साली आपल्या खजराण्याच्या गणपतीपाशी साडेएकोणसत्तर चौरस फुटांचं हार-प्रसादाचं दुकान तीस वर्षांच्या लीजवर एक कोटी बहात्तर लाखांना गेलं. वर्तमानपत्रात वाचून सगळ्यांनी तोंडात बोटं घातली होती. तीस वर्षांचे तीनशे साठ महिने धरले तर, व्याज सोडूनही, महिन्याला पावणेअठ्ठेचाळीस हजार होतात. ते घेणाऱ्याने आपला हिशेब केला असेलच. तिथे निदान कागद देवस्थानाचा आणि मुदत तीस वर्षांची. तुमच्या हातात काय येणार? अकरा महिने आणि नऊ लाखांची पावती नसलेली पगडी. बाराव्या महिन्यात मालक म्हणाला, सिंहस्थ जवळ आलाय, आता चाळीस हजार द्या, तर तुमच्याकडे बोलायला जागा कुठली? पगडी परत मागायला कोर्टात जाल तर ती दिली होती हेच सिद्ध करत बसाल.

आता तुमच्याच पत्रातले आकडे घेऊन बसू. नऊ लाखांवर दहा टक्क्यांनी धरलं तरी महिन्याचं व्याज साडेसात हजार. भाडं बावीस. हाताखाली एक पोरगा, बारा हजार. मिस्टरांचं रोजचं जाणं-येणं आणि वीज मिळून सहा. झाले साडेसत्तेचाळीस हजार. शिवाय इथे आज तीस मिळतात तिथे भाड्याचे पंधराच येणार, म्हणजे आहे तिथेच राहायला आणखी पंधरा हवेत. साडेबासष्ट हजार. शंभराच्या विक्रीत पंचवीस सुटतात असं धरा (डमरू-गमछ्यात इतके सुटतील का याची मला शंका आहे), तर महिन्याची विक्री अडीच लाख हवी. दिवसाला आठ हजार तीनशे. माणशी साठ रुपयांची खरेदी म्हटली तर रोज एकशेचाळीस गिऱ्हाईकं, तीसही दिवस. यात मुद्दल कुठेच नाही. नऊ लाख फेडायचे तेव्हा वेगळे, नाही फेडले तर सोनं लिलावात. आणि पाच लाखांच्या वरच्या गहाणावर सोन्याच्या किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंतच कर्ज मिळतं, म्हणजे नऊ लाखांसाठी निदान बारा लाखांचं सोनं आत जाणार. हा कागद मिस्टरांसमोर ठेवा. आकडे त्यांनाच भरायला सांगा, मी चुकीचे धरलेत असं वाटलं तर बदलूही द्या.

ते म्हणतील, सिंहस्थ आहे की. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि महिना-दोन महिन्यांत संपतो. त्या एका मोसमावर तोवरचं भाडं आणि व्याज ओढायचं हा जुगार आहे. शिवाय मोठ्या स्नानाच्या दिवशी गाड्या गावाबाहेर अडवतात, माल आणणंसुद्धा मुश्कील होतं. मेळ्याचा सगळा पसारा क्षिप्रेच्या काठाने, आखाड्यांच्या तंबूंभोवती असतो. तिथे दुकान टाकायचं तर निसर्गाचाही भरवसा नाही: २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळी पावसाने तंबू उन्मळून पडले, माणसं दगावली. आणि मुळात देवाचं दार बंद होऊ शकतं हे आपण २०२० मध्ये पाहिलंय. महाकालाचं मंदिर मार्चपासून जूनपर्यंत बंद होतं, पंढरपूरची आषाढीची पायी वारी झाली नाही. राजवाड्याच्या मागची दुकानंही बंद होती हे खरं, पण सत्यनारायण आणि गौरी-गणपती घराघरांत झालेच. वाती लागल्याच.

एक चौकशी दिरांना आजच करायला सांगा: ते दुकान रस्ता रुंदीकरणात येतं का? सिंहस्थासाठी उज्जैनचे रस्ते मोठे करायचं काम चालू आहे. इंदुरात बडा गणपती ते कृष्णपुरा रस्ता मोठा झाला तेव्हा कोणाचा ओटला गेला, कोणाचं अर्धं दुकान गेलं, हे तुम्ही घरापासून हाकेच्या अंतरावर पाहिलंय. भरपाईची बोलणी मालकाशी होतात. पगडीवाला भाडेकरू बाजूला उभा असतो.

दुसरी चौकशी जरा अवघड आहे. त्या दुकानात आधी कोण होतं? बहुतेक एखादा जुना माणूस असेल, तीन-चार हजार भाड्यावर हार-नारळ विकणारा, ज्याला मालकाने ‘आता जागा हवी’ म्हणून उठवलं. इंदूरहून सोनं गहाण टाकून येणारी मंडळी मिळतायत म्हटल्यावर त्याला कोण ठेवेल? मी तुम्हाला दोष देत नाही, धंदा असाच चालतो. पण तो गेला कशाने हे विचारून घ्या. धंदा चालेना म्हणून गेला असेल तर तुमचाही चालणार नाही. भाडं झेपेना म्हणून गेला असेल तर तीच पाळी वर्षभराने तुमच्यावर आहे. उत्तर काहीही आलं तरी कामाचंच.

आता तुमचं गिऱ्हाईक कुठे आहे ते सांगतो.

पंढरपुरात कुंकू-बुक्का, चुरमुरे, तुळशीच्या माळा विकणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण वारकरी दरवर्षी येतो, आषाढीला नाही जमलं तर कार्तिकीला, आणि त्याच दुकानात जातो. आजोबांचं दुकान ठरलेलं असतं. महाकालाला पॅकेजने आलेला माणूस आयुष्यात पुन्हा त्या गल्लीत येईल की नाही सांगता येत नाही. तुमचा माल हा परतून येणाऱ्या माणसाचा माल आहे. उज्जैनमध्ये असा माणूस म्हणजे गुरुजी.

मंगळनाथाला मंगळदोषासाठी भातपूजा होते. सिद्धवटाला पिंडदान आणि पितरांची कर्मं. रामघाटावर रोज कोणा ना कोणाचा विधी चाललेला असतो. यजमान बाहेरगावचा असतो, रिकाम्या हाताने येतो, आणि बहुतेक ठिकाणी साहित्य गुरुजीच लावतात. जानवी, वस्त्रं, काळे तीळ, दर्भ, अष्टगंध, वाती, सुपाऱ्या. यजमान रोज बदलतो, गुरुजी तेच. त्यांना एका विधीचं सगळं साहित्य एका पुडक्यात बांधून मिळालं, वर यादी चिकटवलेली, एकही वस्तू कमी नाही, तर ते दुसरीकडे जाणार नाहीत. नेमकी कुठली वस्तू किती लागते हे सासूबाईंना तोंडपाठ असेल. त्यांचा विरोध आहे म्हणता ना? त्यांना या कामाच्या मुख्य करा, विरोधाचं काय होतं बघा. सुट्या सामानासाठी मिस्टर मारोठिया आणि सियागंजच्या बाजारात जातातच.

दुसरं गिऱ्हाईक घाटावरचं. रामघाटाच्या संध्याकाळच्या आरतीला आणि ओंकारेश्वरला नर्मदेच्या काठावर बायका दोण्यात फूल आणि दिवा ठेवून विकतात. एक दोणा, एक वात. यात्रेकरू देवाला हात लावू शकत नाही, पण नदीत दिवा मात्र स्वतःच्या हाताने सोडतो, म्हणून तो दिवा घेतोच. या बायकांना वाती रोज लागतात. तुपात बुडवून थिजवलेल्या फुलवाती शंभराच्या पाकिटात दिल्यात तर त्यांचा वेळ वाचेल. भाव त्यांना परवडेल असा ठेवा. त्यांचाच दिवसाचा गल्ला लहान असतो, त्यांच्याकडून शहरी दर काढायला जाऊ नका. बाहेरून आलेल्या यात्रेकरूचा पैसा इथे निदान दोन घरांत तरी राहतो, तिच्या आणि तुमच्या.

यासाठी दुकान लागत नाही. दिराला कमिशन द्या, विक्रीवर ठरवून, आणि घरातलं नातं असलं तरी वहीत लिहून. भावाभावांतला तोंडी हिशेब हा पुढच्या भाऊबीजेला अबोला धरायचा खात्रीचा मार्ग आहे. उधारीचा नियम एकच: मागच्या खेपेचे पैसे आले की पुढचा माल. गुरुजी कितीही मोठे असोत.

तरीही मिस्टरांना महाकालापाशी बसायचंच असेल तर श्रावणात बसू द्या. ओळखीच्या दुकानदाराच्या पायरीवर किंवा अर्ध्या काउंटरवर, रोजच्या भाड्याने. इथे आपल्या लोकांचा एक फायदा आहे. उत्तरेकडचा श्रावण गुरुपौर्णिमेनंतर लगेच लागतो, आपला दिव्याच्या अवसेनंतर, पंधरा दिवसांनी. महाकालाची सोमवारची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, दोन्ही श्रावण धरून निघते. ही शिंद्यांच्या काळापासूनची मराठी रीत मानतात. अठराव्या शतकात मंदिर पुन्हा उभं केलं तेही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी, तेव्हा आपला थोडा हक्क पोचतो म्हणायला हरकत नाही. तर पहिले पंधरा दिवस इंदूरच्या दुकानात श्रावणाची गर्दी सुरूच झालेली नसते. मिस्टर तेवढे दिवस उज्जैनला राहिले तर इकडे नुकसान नाही. मंगळागौर सुरू व्हायच्या आत परत. पंधरा दिवसांत रोज किती माणसं थांबली, काय घेतलं, किती रुपयांचं, हे लिहून आणायला सांगा. वरच्या हिशेबातले एकशेचाळीस खरे की खोटे ते तेव्हाच कळेल.

इंदूरच्या दुकानाबद्दल थोडंच सांगतो, कारण विचारलंय उज्जैनचं. ते भाड्याने देऊ नका. गिऱ्हाईकं लांब गेली असतील तर पुडकी त्यांच्याकडे जाऊ द्या. गौरी-गणपतीचा, हरतालिकेचा, सत्यनारायणाचा संच करा, व्हॉट्सॲपवर यादी टाका, महाराष्ट्र मंडळाच्या आणि भिशीच्या बायकांना सांगा. गुरुजींसाठी जे बांधायचं तेच घरच्यांसाठी बांधायचं आहे, फक्त चिठ्ठी वेगळी.

राहिला प्रश्न मिस्टरांशी बोलायचा. महाकालाच्या दारात कोणी उपाशी राहत नाही हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, मंदिराचं अन्नक्षेत्र चालू असतं. ते भाविकाच्या जेवणाबद्दल आहे, दुकानाच्या भाड्याबद्दल महाकालाने काही सांगितल्याचं ऐकिवात नाही. पण हे तुम्ही असं बोलू नका, मी बोललो म्हणून ठीक. श्रद्धेवर वाद घातलात की ते हट्टाला पेटतील आणि मुद्दा पैशांचा राहणारच नाही. ज्याचं दुकान डोळ्यांदेखत बसत चाललंय त्या माणसाला काहीतरी मोठं करून दाखवावंसं वाटतं. त्यांना ‘नको’ म्हणायच्या ऐवजी हातात दुसरं काम द्या. आणि सोन्याचं एकदा स्वच्छ सांगून टाका: लग्नातले दागिने स्त्रीधन आहेत, कायद्याने तुमचे एकटीचे, गहाणाच्या कागदावर सही तुमच्या मनाविरुद्ध कोणी घेऊ शकत नाही. हे भांडणात सांगू नका. जेवणं झाल्यावर, हिशेबाचा कागद पुढ्यात असताना सांगा.

पहिल्या खेपेला वीस-पंचवीस पुडकी पुरेत, निम्मी भातपूजेची, निम्मी पिंडदानाची. भातपूजेत नेमकं काय काय लागतं हे बांधायच्या आधी तिथल्याच एखाद्या गुरुजींना विचारून घ्या, प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी असते. आणि दिरांना मंगळनाथाला मंगळवारी पाठवू नका, त्या दिवशी तिथे कोणाला मान वर करायला वेळ नसतो. बुधवारी दुपारी जाऊ दे.